घरात किती माणसं जमली की घराचं 'चर्च' होतं?

(पोस्ट मोठी आहे. रविवार आहे, चहा घेऊन सावकाश वाचा. अर्धी वाचून भांडायला येऊ नका.)

प्रश्न वरवर गमतीचा वाटेल, पण माणसं मोजून कायदा करणारी सरकारं खरोखर होऊन गेली आहेत. 1664 साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला. घरच्या माणसांशिवाय बाहेरची पाच किंवा जास्त माणसं सरकारमान्य चर्चच्या पद्धतीबाहेरच्या उपासनेसाठी एकत्र आली, तर गुन्हा. म्हणजे चार पाहुणे बसले तर ती प्रार्थना. पाचवा उंबरठा ओलांडून आत आला की बेकायदा जमाव. दंड, तुरुंग, आणि पुन्हा पुन्हा सापडलात तर हद्दपारी.

हे आज आठवायचं कारण तुम्हाला माहीत आहे. गेल्या काही वर्षांत अशी बातमी सारखी येते. कुणाच्या तरी घरात रविवारी प्रार्थना चालू असते, बाहेर पाच-पन्नास जण जमतात, 'धर्मांतर चालू आहे' अशा घोषणा होतात, पोलीस येतात, व्हिडिओ फिरतो. मग इथे दोन तट पडतात. एक म्हणतो घरात चाललंय, तुमचं काय जातं? दुसरा म्हणतो काही गैर नाही तर घरात लपून कशाला, सरळ चर्चमध्ये जा ना! दोन्ही बाजूंना एक गोष्ट ठाऊक नसते. घरात जमणं ही या धर्माची नवी युक्ती नाही. त्याची सुरुवातच तिथून झाली.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे कॉमेंटमध्ये विचारायला नको. मी ख्रिस्ती नाही. वारकरी घरातला आहे. आजीच्या घरी दर एकादशीला माजघरात भजन व्हायचं, तीस-चाळीस माणसं यायची, टाळ-मृदंग रात्री बारापर्यंत. आमच्या घराला कुणी 'बेकायदा मंदिर' म्हटलं नाही. तेव्हा असा प्रश्न पडू शकतो हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं.

आता मुळाकडे जाऊ. बायबलचा नवा करार उघडा. त्यातल्या पत्रांच्या शेवटी नमस्कार असतात, आपण पत्रात 'ताईला आशीर्वाद, दादांना नमस्कार' लिहायचो तसे. पौल रोमच्या मंडळींना लिहितो, प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या घरी जी मंडळी जमते तिला सलाम सांगा. हे नवरा-बायको तंबू शिवण्याचा धंदा करणारे. फिलेमोनला लिहिलेल्या पत्रात 'तुझ्या घरातली मंडळी' आहे. फिलिप्पैची लुदिया जांभळं कापड विकणारी व्यापारी बाई, तिचं घर हाच तिथला अड्डा. मराठी ख्रिस्ती माणूस आजही 'मंडळी' हाच शब्द वापरतो आणि तो फार अचूक आहे. मंडळी म्हणजे माणसं. इमारत नंतर आली.

किती नंतर? सिरियात युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपस नावाचं गाव 1930 च्या दशकात खणून काढलं गेलं. तिथे ई.स. 240 च्या सुमाराचं एक साधं राहतं घर सापडलं. दोन खोल्यांमधली भिंत पाडून साठ-सत्तर माणसं बसतील असा हॉल केलेला, आणि एका लहान खोलीत बाप्तिस्म्यासाठी हौद, भिंतींवर चित्रं. बाहेरून पाहिलं तर शेजारच्या घरासारखंच घर. त्याच गावात ज्यूंचं प्रार्थनास्थळ होतं, मिथ्र देवाचं देऊळही होतं. 313 साली कॉन्स्टंटाईन बादशहाने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली, राजाश्रय आला आणि मोठाली चर्चं उभी राहू लागली. पण पहिली जवळजवळ तीनशे वर्षं या धर्माचा संसार मुख्यतः लोकांच्या माजघरात चालला होता.

आणि मग गंमत बघा. जो धर्म घरात वाढला, त्याच्याच हातात सत्ता आल्यावर घरात जमणारे त्याला संशयित वाटू लागले. वरचा 1664 चा कायदा रोमन बादशहाचा नाही, ख्रिस्ती राजाचा आहे. जॉन बन्यन नावाचा भांडी दुरुस्त करणारा माणूस त्याच्या चार वर्षं आधी, 1660 मध्ये, एका शेतावरच्या घरात प्रवचनाला गेला असता पकडला गेला आणि सुमारे बारा वर्षं तुरुंगात राहिला. त्याच्याकडे सरकारी परवाना नव्हता, एवढाच गुन्हा. त्याचं 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' पुढे जगभर गेलं. 1841 साली हरि केशवजींनी ते मराठीतही आणलं.

याच परवाना नसलेल्या परंपरेत पुढे विल्यम केरी झाला, मूळचा चांभारकाम करणारा. ज्या संस्थेने त्याला बंगालमध्ये पाठवलं ती 1792 मध्ये केटरिंग गावात एका विधवा बाईच्या घराच्या मागच्या खोलीत बसून काढलेली. त्याच केरीने 1805 मध्ये श्रीरामपूरहून मराठीचं व्याकरण छापलं. आपल्या भाषेच्या छपाईच्या इतिहासाचा एक धागा असा कुणाच्या तरी घराच्या खोलीपर्यंत जातो.

हा झाला मागचा इतिहास. आजच्या काळातलं या विषयाचं सर्वांत मोठं उदाहरण मात्र चीन आहे. ते सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे आज जे युक्तिवाद होतात ते तिथे सत्तर वर्षांपूर्वी झाले, आणि पुढे काय झालं ते सगळं समोर आहे.

पहिली गोष्ट, चिनी सरकारचा राग हवेतून आला नव्हता. अफूच्या युद्धांनंतर चीनवर जे अपमानास्पद तह लादले गेले, त्यांच्यातूनच मिशनऱ्यांना देशात हिंडण्या-फिरण्याचे हक्क मिळाले. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, हे खरं. पण ते गोऱ्यांच्या तोफांच्या मागून आले हेही खरं. म्हणून 1949 मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले तेव्हा 'परकीय हात' हा आरोप लोकांना पटणारा होता. 1950 मध्ये चौ एन लाय यांच्याशी चर्चा होऊन वू याओत्सुंग आणि इतर ख्रिस्ती पुढाऱ्यांनी जाहीरनामा काढला, की आम्ही साम्राज्यवादाशी नातं तोडतो. त्यातून 1954 मध्ये 'थ्री-सेल्फ' ही देशभक्त चळवळ औपचारिकपणे उभी राहिली. तीन 'स्व' म्हणजे स्वशासन, स्वावलंबन आणि स्वप्रसार. चर्च आपलं आपण चालवायचं, पैसा आपला, प्रचारकही आपलेच.

ऐकायला किती रास्त वाटतं! आणि ही कल्पना मुळात कम्युनिस्टांची नव्हतीच. एकोणिसाव्या शतकात हेन्री व्हेन आणि रुफस अँडरसन या मिशन चालवणाऱ्यांनीच ती मांडली होती. यातले अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते आणि मुंबई-अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्येही आले होते. त्यांचा आग्रह होता की इंग्रजी शाळांचा डोलारा कमी करा, लोकांच्या भाषेत काम करा, गावातल्या मंडळीवर गावातलाच पाळक नेमा. बीजिंगमध्ये पुढे सरकारी शिक्का झालेली गोष्ट शंभर वर्षं आधी नगरमध्ये चर्चेला होती.

मग अडलं कुठे? वांग मिंगदाओ या माणसापाशी. बीजिंगचा पास्टर, जन्म 1900 चा. त्याचं चर्च चिनी लोकांच्या पैशावर उभं होतं, कुठल्याही परदेशी मिशनचा पैसा नाही. तिन्ही 'स्व' त्याच्याकडे आधीपासून होते. जपान्यांनी बीजिंग घेतलं तेव्हा त्यांनीही सगळी चर्चं एका छत्रीखाली आणायचा हुकूम काढला होता. याने जपान्यांनाही नकार दिला होता. म्हणजे त्याला परकीय हस्तक म्हणायची सोय नव्हती. तो म्हणत होता, तुमच्या चळवळीच्या पुढाऱ्यांचा धर्मविचारच मला मान्य नाही, मी त्यांच्याबरोबर का बसू? मूळ भांडण बरंचसं श्रद्धेचं होतं. सरकारने ते देशद्रोहाचं केलं.

ऑगस्ट 1955 मध्ये त्याला बायकोसकट अटक झाली. आत त्याने कबुलीजबाबावर सही केली, 1956 मध्ये बाहेर आला, आणि त्या सहीने त्याला आतून खाल्लं. भ्रम झाल्यासारखी अवस्था. काही काळाने पुन्हा अटक, 1963 मध्ये जन्मठेप, शेवटी सुटका 1980 मध्ये. बाहेर आला तेव्हा ऐंशीच्या घरातला, दृष्टी आणि ऐकणं दोन्ही अधू. 1991 मध्ये वारला. 'वॉचमन नी' म्हणून ओळखला जाणारा दुसरा मोठा प्रचारक नी तोशेंग 1952 मध्ये पकडला गेला आणि 1972 मध्ये श्रमछावणीतच मेला.

1958 मध्ये सरकारने चर्चं 'एकत्र' केली. बीजिंगमधली साठच्या वर चर्चं होती, ती चार उरली. पुढे 1966 मध्ये सांस्कृतिक क्रांती आली आणि उरलेलीही बंद. थ्री-सेल्फवाल्यांचीसुद्धा! ज्यांनी सरकारशी जुळवून घेतलं होतं त्यांच्याही चर्चला कुलूप. 1979 पर्यंत, म्हणजे तेरा वर्षं, त्या अवाढव्य देशात ख्रिस्ती माणसाला एकत्र बसायला कायदेशीर जागा म्हणून उरली नाही.

तेव्हा लोक कुठे गेले? घरी. शेतावर. दिवा बारीक करून, आवाज न करता. पाळक तुरुंगात, म्हणून बायका पुढे आल्या. बायबल जप्त, म्हणून पाठ असलेलं हाताने उतरवून काढलं. 1949 मध्ये चीनमध्ये प्रॉटेस्टंट साधारण दहा लाखांच्या आत-बाहेर होते. 2018 च्या श्वेतपत्रिकेत खुद्द चिनी सरकारने आकडा दिला 3 कोटी 80 लाखांहून जास्त. प्यू या अमेरिकन संस्थेचा 2011 चा अंदाज 5 कोटी 80 लाखांचा होता. आकडा कुठलाही धरा, धर्म पुसायला निघालेल्या सरकारने तो घरोघर पोचवला. याचं सगळं श्रेय छळालाच देता येणार नाही. खेडोपाडी दवाखाने कोसळले, जुन्या देवळांवरही बंदी होती, माणसं एकटी पडली होती. पण परदेशी मिशनरी गेल्यावर हा धर्म मरेल, हा हिशेब साफ चुकला.

1982 मध्ये चिनी पक्षाने धर्मविषयक धोरणाचं परिपत्रक काढलं, 'दस्तऐवज क्रमांक 19'. घरात जमून उपासना करण्याबद्दल त्यात जे म्हटलंय त्याचा अर्थ असा, की तत्त्वतः परवानगी नको, पण बंदी फार कडक राबवूही नका. आपल्याकडच्या माणसाला हे लगेच कळेल! कायद्यात नाही, पण चालवून घेऊ. असं ठेवलं की सगळी मुखत्यारी हवालदाराच्या हातात जाते. त्याला वाटलं तर चालेल, वरून फोन आला तर चालणार नाही.

ग्वांगझोऊच्या एका अरुंद गल्लीत लिन शियांगाओ या पाळकाच्या राहत्या घरात मंडळी भरायची. वीस वर्षांहून जास्त काळ तो आत राहून आलेला. बाहेर आला आणि पुन्हा घरात मंडळी सुरू केली. इतकी माणसं, की वरखाली मजल्यांवर टीव्ही लावून प्रवचन दाखवावं लागे. पोलिसांच्या नाकासमोर वर्षानुवर्षं चाललं, मध्ये धाड पडली, पुन्हा सुरू झालं. याच काळात दुसरीकडे कुणाला त्याच गुन्ह्यासाठी श्रमछावणी मिळत होती.

'लपता कशाला, नोंदणी करा' म्हणणाऱ्यांसाठी बीजिंगच्या शोवांग चर्चची गोष्ट. 1993 मध्ये जिन तियानमिंगच्या घरगुती बायबल-वर्गातून सुरू झालेलं, शिकल्या-सवरल्या नोकरदारांचं चर्च. ते 2005 मध्ये रीतसर नोंदणीचा अर्ज घेऊन सरकारकडे गेले. अर्ज फेटाळला. तुमच्या पास्टरला थ्री-सेल्फचं प्रमाणपत्र नाही, म्हणाले. मग त्यांनी वर्गणी काढून सुमारे 2 कोटी 70 लाख युआनला एका इमारतीचा मजला विकत घेतला. पैसे दिले, किल्ली मिळाली नाही. भाड्याची जागाही मालकावर दबाव आणून काढून घेतली. एप्रिल 2011 पासून ते उघड्यावर जमायला लागले, तर तिथे अटक. 2019 मध्ये अधिकृत बंदी. घरात जमलात तर बेकायदा, अर्ज केलात तर नामंजूर, जागा घेतलीत तर किल्ली नाही, चौकात उभे राहिलात तर पोलीस.

फेब्रुवारी 2018 पासून नियम आणखी आवळले. बीजिंगच्या झायन चर्चला हॉलमध्ये सीसीटीव्ही लावा म्हणून सांगितलं, त्यांनी नाही म्हटलं, सप्टेंबरमध्ये बंदी आली. चेंगडूच्या अर्ली रेन चर्चचा वांग यी हा मूळचा कायद्याचा प्राध्यापक. डिसेंबर 2018 मध्ये त्याच्यासह शंभरावर माणसं उचलली, आणि वर्षभराने त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. आरोप, राज्यसत्ता उलथवण्यासाठी चिथावणी आणि बेकायदा व्यवसाय. लिनफेनमधलं एक भलंमोठं चर्च जानेवारी 2018 मध्ये सुरुंग लावून पाडलं. आणि हे फक्त नोंदणी नसलेल्यांचं झालं असं समजू नका. वेन्झोऊचं सान्जियांग चर्च थ्री-सेल्फचं, म्हणजे सरकारमान्य होतं. ते एप्रिल 2014 मध्ये जमीनदोस्त केलं. कारण दिलं बेकायदा बांधकामाचं.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती न सांगता थांबलो तर ही पोस्ट नुसती आरती होईल.

बंद दाराच्या आत नुसती श्रद्धाच वाढते असं नाही. चीनच्या खेड्यांत याच काळात एकाहून एक विचित्र पंथ निघाले. 'ईस्टर्न लायटनिंग' नावाच्या पंथाचं म्हणणं, ख्रिस्त पुन्हा आला आहे आणि तो चिनी बाईच्या रूपात आहे. 2002 मध्ये या पंथाने एका मोठ्या घरगुती चर्चच्या जाळ्यातले चौतीस पुढारी फसवून डांबून ठेवल्याचा आरोप झाला. आरोप करणारं सरकार नव्हतं, ती दुसरी ख्रिस्ती मंडळी होती. मे 2014 मध्ये शान्दोंग प्रांतात मॅकडोनाल्डमध्ये एका बाईने आपला फोन नंबर दिला नाही म्हणून तिला मारून टाकलं. मारेकरी त्याच पंथाचे की फुटून निघालेल्या टोळीचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण बाई गेली. पाळकाला प्रशिक्षण नाही, हिशेब नाही, प्रश्न विचारणारं कुणी नाही, आणि बाहेरच्या कुणाला सांगावं तर आपणच पकडले जाऊ ही भीती. अशा खोलीत ज्याचा आवाज मोठा तो देव होतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमच्याकडे धुणं-भांड्याला येणाऱ्या मावशी एका घरातल्या 'चंगाई' प्रार्थनेला जायला लागल्या. जाऊ देत, माझं काही म्हणणं नव्हतं. दारुड्या नवऱ्याने पिणं कमी केलं, रविवारी स्वच्छ साडी नेसून चार बायकांत बसायला मिळतं, कुणी नावाने हाक मारतं. याची किंमत आपल्यासारख्यांना कळत नाही. पण दोन महिन्यांनी लंगडायला लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, "दादा, शुगरची गोळी बंद केली. पास्टर म्हणले, विश्वास हाय ना मंग गोळी कशाला?" तोवर पायाची जखम चिघळली होती. दोन बोटं काढावी लागली.

त्यांना दवाखान्यात कुणी नेलं माहितीय? आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर नगरकडचं एक कुटुंब राहतं. त्यांच्याकडेही रविवारी प्रार्थना असते, वीसेक माणसं येतात. त्यात एक नर्स आहेत. त्यांनी मावशींचा पाय पाहिला आणि तिथल्या तिथे रिक्षात घातलं. वाटेत म्हणाल्या, "मावशी, प्रार्थना मी पण करते. गोळी पण घेते." एका घरातल्या प्रार्थनेने बोटं गेली, दुसऱ्या घरातल्या प्रार्थनेतल्या बाईने पाय वाचवला. दोन्हीकडे तोच येशू, तीच गाणी. दुसऱ्या घरात मात्र लोक एकमेकांना उलट प्रश्न विचारू शकत होते, आणि त्या घराचं दार उघडं असायचं.

त्याच दुसऱ्या मजल्यावरच्या प्रार्थनेविरुद्ध नंतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रार आली. 'रेसिडेन्शिअल जागेचा धार्मिक वापर.' मी एवढंच म्हटलं, नियम करा, सगळ्यांना लावा. मग सत्यनारायण, श्रावणातली पारायणं, सात नंबरमधली हळदीकुंकवं, गच्चीवरचं भजनी मंडळ, सगळं मोजू. सेक्रेटरी साहेब हसले. शेवटी ठरलं की माइक नाही, साडेअकराच्या पुढे नाही, चपला जिन्यात नाहीत, गाड्या बाहेर लावा. हे सगळ्यांच्या सगळ्या कार्यक्रमांना लागू. ज्यांना शंका होती त्यांना काकूंनी सरळ सांगितलं, "पुढच्या रविवारी या ना भाऊ, बसा, चहा घ्या." दोघं गेलेही. परत येऊन म्हणाले, फार बोअर होतं!

आता कायद्याचं. राज्यघटनेच्या कलम 25 ने धर्म पाळण्याचा, आचरणाचा आणि प्रसाराचा हक्क दिला आहे. 1977 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टॅनिस्लाउस खटल्यात सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. ओरिसाने 1967 मध्ये आणि मध्य प्रदेशने 1968 मध्ये केलेले जबरदस्ती-आमिषाविरुद्धचे कायदे टिकले. ठीक. जबरदस्ती गुन्हा असावीच. पण जबरदस्ती सिद्ध करावी लागते. घरात वीस माणसं डोळे मिटून बसली हा जबरदस्तीचा पुरावा होत नाही.

'मग उघड चर्चला का जात नाहीत?' याचं एक उत्तर आपल्याच कागदपत्रांत आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. वस्तीतल्या माणसाची श्रद्धा बदलली तरी जात बदलत नाही. गावात पाणवठ्यावर त्याला तीच वागणूक मिळते. पण कागदावर श्रद्धा लिहिली की पोराची शिष्यवृत्ती जाते. मग तो देव घरात ठेवतो आणि दाखला कपाटात. याला लबाडी म्हणायचं असेल तर म्हणा, पण ही कोंडी त्याने तयार केलेली नाही.

हा झगडा फक्त हिंदू विरुद्ध ख्रिस्ती असाही नाही. गोव्यात 'बिलिव्हर्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घरगुती प्रार्थनागटांवर तिथल्या कॅथलिकांचाही राग असतो. आमची माणसं नेतात, सायबिणीला मानत नाहीत, गावच्या फेस्ताला येत नाहीत. आणि आपले रेव्हरंड टिळक? ज्यांनी मराठी ख्रिस्ती मंडळीला गायला स्वतःची भजनं दिली, तेच 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून बाहेर पडले आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा. 1919 मध्ये ते गेले, दरबार फार चालला नाही. पण इमारत, पगार आणि गोऱ्या साहेबाची परवानगी यांच्याबाहेर मंडळी असू शकते का, हा प्रश्न मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी विचारून ठेवला आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. घरात प्रार्थना करायला परवानगी लागू नये, कुणालाच. आवाज, पार्किंग, आग-सुरक्षा, गर्दी यांचे नियम असावेत आणि ते पारायणाला व प्रार्थनेला सारखे लागावेत. चंगाईच्या नावाखाली गोळ्या बंद करायला लावणाऱ्यावर कारवाई हवी. आपल्याकडे 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो डॉ. दाभोलकरांचा जीव गेल्यावर आला, आणि तो बुवा, बाबा, पास्टर यांच्यात फरक करत नाही. तक्रार असेल तर माणसाचं नाव घ्या, काय केलं ते सांगा, पोलिसात द्या. घराबाहेर जमाव नेऊन घोषणा देणं ही तक्रार नाही, ती धमकी आहे.

आणि घरात मंडळी चालवणाऱ्या मराठी ख्रिस्ती मित्रांनाही एक विनंती, रागावू नका. जमलेल्या पैशाचा हिशेब भिंतीवर लावा. आजाऱ्यासाठी प्रार्थना झाली की "डॉक्टरांनी काय सांगितलंय?" हे मोठ्याने विचारायची रीत पाडा. पाळकाला उलट प्रश्न विचारणाऱ्या बाईला गप्प करू नका, पुढे बसवा.

कारण जमाव दाराशी आला की आतला माणूस आधी कडी लावतो. मग खिडकी लावतो. मग ओळखीच्यालाच आत घेतो. अशा खोलीत एखाद्या मावशीने गोळी बंद केली, तर ते वेळेत कळायला तिथे कुणी नसतं. चीनने हा प्रयोग सत्तर वर्षं करून पाहिला आहे. धर्म संपला नाही, आणि बंद खोल्यांतून जे वाईट निघालं ते पकडायलाही सरकारला उशीरच झाला.

मावशी आता पुन्हा कामाला येतात, जरा हळू चालतात. रविवारी सुट्टी घेतात. कुठल्या घरी जातात ते मी विचारत नाही. गोळी घेतली का, एवढं रोज विचारतो.